नेपाळच्या रानाचे पहारेकरी

नेपाळचा मुलूख पूर्व-पश्चिम लांबट आणि दक्षिणोत्तर अगदी अरुंद आहे. आग्नेय कोपऱ्यातील झापा जिल्ह्यात केचना नावाचे ठिकाण समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर उंचीवर असून, तेथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांच्या टप्प्यात पृथ्वीवरील सर्वोच्च शिखर, ८,८४९ मीटर उंचीचे सगरमाथा, उभे आहे. दमट उष्ण अरण्यापासून ध्रुवाजवळच्या हिमपठारापर्यंतचे सारे हवामान अनुभवू इच्छिणाऱ्या पाखराला अन्यत्र हजारो कोस उडावे लागले असते. नेपाळात तेवढेच अंतर डोंगराच्या एका उताराने तोडता येते. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या ह्या देशात पक्ष्यांच्या साडेआठशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. आणि एकशिंगी गेंडा, पट्टेरी वाघ, रानहत्ती, अर्णा, तांबडा पांडा, कस्तुरीमृग व हिमबिबट्या हे परस्परांपासून सर्वस्वी भिन्न राहणीचे प्राणी तेथे एकाच राज्याच्या सरहद्दीत नांदत आहेत.

ह्या वैभवाचे श्रेय आपण हिमालयाला देऊन मोकळे होतो, आणि त्यात पुष्कळसे तथ्यही आहे. परंतु पर्वताने जे निर्माण केले ते टिकलेच पाहिजे असा काही सृष्टीचा कायदा नाही. गंगेच्या मैदानात ज्या रानांतून एके काळी गेंडे चरत होते ती राने केव्हाच नांगराखाली गेली. नेपाळातही तसेच होता होता राहिले. ते का राहिले ह्याचा शोध घेऊ लागले म्हणजे असे आढळते की, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या पहारेकऱ्यांनी ह्या रानाची राखण केली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना आपण राखण करीत आहोत ह्याची जाणीवही नव्हती. त्यांत एक डास होता, एक शिकारीचा शौकीन राजपुरुष होता, एक बंदूकधारी शिपाई होता, आणि आज रानाच्या कडेला शेती करून राहणारा सामान्य गावकरी आहे. पहारा म्हटला की त्याचे वेतन आले. ते वेतन प्रत्येक काळी कोणी ना कोणी चुकते केलेलेच आहे.

प्रथम ज्याची राखण करावयाची त्या ठेव्याचा परिचय करून घेणे इष्ट. दक्षिणेस तराईचा सपाट पट्टा असून तेथे सालवृक्षांची दाट वने आणि नदीकाठी हत्ती झाकला जाईल इतके उंच वाढणारे गवत आहे. ह्याच गवतात बंगाली तणमोर हा आता जगभर अत्यंत दुर्मिळ झालेला पक्षी राहतो. एरवी तो दृष्टीस पडणे कठीण. पण वसंतात त्याचा काळा, शुभ्र पंखांचा नर गवतातून एकदम उसळी घेतो, क्षणभर हवेत तरंगतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. तेवढ्या वेळात मादीला त्याचा ठावठिकाणा कळावा एवढाच त्या उड्डाणाचा हेतू. तराईच्या उत्तरेस चुरेच्या ठिसूळ टेकड्या, त्यांच्यामागे चितवनसारखी रुंद सखल खोरी, मग महाभारत नावाची डोंगररांग आणि तिच्या पलीकडे मधले पहाड, अशी एकामागून एक चढण लागते. पहाडात ओक आणि गुरांस ह्यांची राने आहेत. गुरांसाच्या तांबड्या फुलोऱ्यावर मार्चच्या सुमारास शिंजिरांची झुंबड उडते. त्याहून वर, देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीत निगाळा नावाचा बारीक बांबू माजतो आणि त्याच्या पानांवर तांबडा पांडा आपली गुजराण करतो. ह्याच उंचीवर, अंगभर पांढरे ठिपके असलेला तांबडा मुनाल पक्षी प्रणयकाळी गळ्याखालची निळी झोळी फुगवून मादीपुढे उभा राहतो. झाडांची सीमा संपली की कुरणे सुरू होतात आणि तेथे नेपाळचा राष्ट्रीय पक्षी डांफे चोचीने माती उकरून कंदमुळे काढताना दिसतो. त्याच्या अंगावर हिरवा, निळा, जांभळा, ताम्रवर्ण असे रंग धातूसारखे चकाकत असतात. त्याच्याही वर उघडे खडक, नाउर नावाच्या रानमेंढ्या आणि त्यांच्या मागावरचा हिमबिबट्या.

ही चढण म्हणजे पक्ष्यांची वर्षभराची वहिवाट आहे. कित्येक जाती उन्हाळ्यात वरच्या रानात घरटी करून थंडी पडू लागताच हजार-दोन हजार मीटर खाली उतरतात. दूरदेशी जाणाऱ्या पाखरांचे कष्ट ज्यांना नकोत त्यांनी डोंगरातल्या डोंगरात स्थलांतराची सोय केली आहे. त्यामुळे मधल्या उंचीवरचे एखादे रान तुटले तर तेथल्या रहिवाशांचीच हानी होते असे नाही, वरून उतरणाऱ्यांचा आणि खालून चढणाऱ्यांचा रस्ताही बंद पडतो. त्यात धौलागिरी आणि अन्नपूर्णा ह्या दोन महाकाय गिरिराजांच्या मधून वाहणाऱ्या कालीगंडकी नदीने देशाचे आणखी दोन भाग केले आहेत. तिच्या पूर्वेस पाऊस अधिक, राने ओली आणि पक्षी आग्नेय आशियाच्या वळणाचे. पश्चिमेस हवा कोरडी आणि पक्षी काश्मीर-गढवालच्या बाजूचे.

ह्या सृष्टीची पहिली पद्धतशीर टिपणे ज्याने केली तो ब्रायन हॉजसन निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नेपाळात आलेला नव्हता. सुगौलीच्या तहान्वये १८१६ पासून काठमांडूत इंग्रजांचा रेसिडेंट राहू लागला. हॉजसन १८२० मध्ये त्याच्या कचेरीत कनिष्ठ हुद्द्यावर रुजू झाला आणि १८३३ पासून १८४३ पर्यंत स्वतः रेसिडेंट होता. दरबाराचा इंग्रजांवर विश्वास नव्हता, आणि तो अविश्वास अनाठायी होता असे म्हणवत नाही. त्यामुळे खोऱ्याबाहेर हिंडण्याफिरण्याची त्याला मुभा नव्हती. तेव्हा स्वतः रानात न जाता त्याने रानच आपल्या अंगणात आणवले. पदरचे पैसे देऊन त्याने स्थानिक शिकारी आणि फासेपारधी ठेवले, त्यांनी आणलेल्या प्राण्यांची मापे घेतली, आतड्यांत काय खाद्य सापडले तेही लिहून ठेवले, आणि राजमानसिंह ह्यांच्यासारख्या नेपाळी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेतली. शंभराहून अधिक पक्षिजातींचे आणि नाउरासह कित्येक सस्तन प्राण्यांचे शास्त्रीय वर्णन त्याच्या लेखणीतून प्रथम झाले. ब्रिटिश म्युझियमला त्याने दिलेल्या नमुन्यांची संख्या दहा हजारांच्या वर जाते. नावे हॉजसनच्या खाती जमा झाली. परंतु कोणते पाखरू कोणत्या उतारावर कोणत्या महिन्यात मिळेल हे ज्ञान त्या पारध्यांचे होते, आणि दप्तरात त्यांची नावे बहुधा नाहीत.

हॉजसनने १८३६ मध्ये वर्णिलेला एक पक्षी विशेष उल्लेखनीय आहे. आपल्याकडील सातभाईच्या कुळातला हा करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी नेपाळीत काँडे भ्याकुर म्हणून ओळखला जातो; त्याच्या पिसांचे दांडे ताठ आणि टोकदार असतात. केवळ नेपाळातच आढळणारा असा हा एकच पक्षी. हॉजसननंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तो कोणाही पक्षिशास्त्रज्ञाला सापडला नाही, आणि जात नामशेष झाली असे मानण्याकडे कल होऊ लागला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले ह्यांना तो पुन्हा आढळला. हे तेच रिप्ले, ज्यांनी पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सलीम अली ह्यांच्याबरोबर भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. मौज अशी की हा पक्षी कोणा अगम्य दरीत दडून बसलेला नव्हता. गावाशेजारच्या उतारांवर, जेथे झाडे तोडली गेली आणि काटेरी झुडपे माजली, अशाच जागी त्याचे वास्तव्य. अकरा महिने तो झुडपाच्या बुडाशी पालापाचोळा चाळीत हिंडतो; वसंतात मात्र नर झुडपाच्या शेंड्यावर चढून, चोच आकाशाकडे करून, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला मिसळलेले गाणे गातो. त्याला अभयारण्य नको आहे. कोणीही मोलाची न मानलेली पडीक झुडपी जमीन तेवढी तशीच पडू द्यावी, एवढीच त्याची अपेक्षा. काठमांडूसारखे शहर वाढू लागले म्हणजे प्रथम नाहीशी होते ती नेमकी हीच जमीन.

आता पहिल्या पहारेकऱ्याकडे वळू. तराईत आणि चितवनच्या खोऱ्यात उन्हाळ्याच्या प्रारंभापासून पावसाळा संपेपर्यंत हिवतापाचा अंमल असे. नेपाळी लोक ह्या तापाला औल म्हणत, आणि पहाडातला मनुष्य त्या मोसमात तेथे रात्रीपुरताही मुक्काम करण्यास धजत नसे. तेथे पिढ्यान्पिढ्या राहत आलेले थारू लोक तेवढे ह्या तापाला पुरून उरत. त्यांच्या रक्तातील आनुवंशिक वैशिष्ट्यामुळे त्यांना हिवताप इतरांच्या मानाने पुष्कळच कमी होतो, असे अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. काठमांडूच्या राज्यकर्त्यांनी ह्या दुखण्याचा धोरणी उपयोग करून घेतला. दक्षिणेकडून येणाऱ्या फौजेला चार कोसे झाडी नावाचा सालवनाचा पट्टा ओलांडावा लागे, आणि तोफखान्याने जे साधले नसते ते डासाने साधले असते. म्हणून ते रान साफ होऊ न देणे हे संरक्षणाचेच काम होते. त्या आसऱ्याला गेंडे, वाघ आणि अर्णे निर्वेधपणे वाढत राहिले. किंमत मोजली ती माणसांनी, ज्वराने.

दुसरा पहारेकरी राणांचा. १८४६ पासून १९५१ पर्यंत नेपाळची सत्ता राणा घराण्याच्या हाती होती, आणि ह्या घराण्याने गेंड्याला राजशिकार ठरवून सामान्य माणसाला त्याच्या वधाची मनाई केली होती. ह्यात भूतदयेचा लवलेश नव्हता; आपल्या पाहुण्यांसाठी शिकार शिल्लक राहावी एवढाच हेतू. दिल्लीदरबार आटोपून पंचम जॉर्ज बादशहा १९११ च्या डिसेंबरात तराईत शिकारीस आला, तेव्हा त्याच्या मंडळींनी अकरा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. आकडा ऐकून आज अंगावर काटा येतो. तथापि ज्या रानात इतकी जनावरे मारूनही पुढच्या हिवाळ्यात शिकार मिळत असे, त्या रानाचा विस्तार केवढा असेल ह्याचाही अंदाज त्यावरून बांधता येतो. वर्षातले काही आठवडे बंदुकीची दहशत आणि उरलेला सारा काळ संपूर्ण शांतता, असा तो व्यवहार होता; आणि वन्यप्राण्याला थोडे दिवस येणाऱ्या शिकाऱ्यापेक्षा कायमचा येणारा नांगर अधिक घातक असतो.

त्या शिकारीतील एक युक्ती पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी रेड्याचे पारडू रानात बांधून ठेवीत. पहाटे ते मारलेले आढळले की वाघ पोटभर खाऊन आसपासच्या सावलीत निजलेला असणार हे ठरलेले. मग हत्तीवरचे लोक आवाज न करता त्या झाडीच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या झुडपांवरून ताणीत जात. पट्ट्यांचे तोंड एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला चिंचोळे. रुंद बाजूने हाकारा सुरू झाला की उठलेला वाघ कापडाच्या मधून चिंचोळ्या तोंडाकडे सरके. ते कापड फार तर माणसाच्या छातीइतके उंच. वाघाने मनात आणले असते तर एका झेपेत ते ओलांडता आले असते. पण रानात कधी न पाहिलेल्या त्या पांढऱ्या भिंतीला तो बिचकतो आणि तिला समांतर चालत राहतो. पुढे १९७३ मध्ये चितवनात वाघांच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि नेपाळी शिकाऱ्यांनी हीच रीत वापरली. चिंचोळ्या तोंडाशी झाडावर बसलेल्या माणसाच्या हाती आता गुंगीच्या औषधाची सुई होती, आणि वाघ मरण्याऐवजी गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन उठत होता. नोकरी बदलली, विद्या तीच राहिली.

मधल्या काळात पहिले दोन्ही पहारेकरी निघून गेले होते. राणांची सत्ता १९५१ मध्ये संपली. १९५४ पासून अमेरिकेच्या साहाय्याने डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत औलाचा कणा मोडला. माणसांच्या दृष्टीने ही निःसंशय कल्याणाची गोष्ट होती. ज्या पहाडी कुटुंबांना वितीएवढ्या पायऱ्यांच्या शेतीवर वर्षाचे धान्य पुरत नव्हते त्यांना खाली काळीभोर जमीन दिसू लागली. लोंढे उतरले, चितवनचे गवत नांगरले गेले आणि साल तुटला. १९५० च्या सुमारास ह्या खोऱ्यात आठशेच्या आसपास गेंडे होते. साठीचे दशक संपता संपता ते शंभराच्या घरात आले. ज्या जनावराचे काही शतके कोणी काही बिघडवू शकले नव्हते ते वीस वर्षांत नामशेष होण्याच्या बेताला आले, आणि तेही बंदुकीपेक्षा कीटकनाशकामुळे. एका आपत्तीचे निवारण करताना दुसरीचे दार उघडते, आणि ते दार उघडणारा मनुष्य सद्धेतूनेच वागत असतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मग सरकार जागे झाले. प्रथम गैंडा गस्ती नावाचे सशस्त्र पथक उभारले गेले, हजारो वसाहतकऱ्यांना रानातून उठवण्यात आले, १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी चितवन हे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९७५ पासून त्याच्या रक्षणासाठी लष्कर तैनात आहे. हा तिसरा पहारेकरी. त्याच्या कर्तबगारीचे प्रमाण तो नसताना काय घडले ह्यावरून मिळते. माओवादी बंडाच्या काळात फौज अन्यत्र गुंतली, रानातली ठाणी आवरती घ्यावी लागली, आणि चितवनातील गेंडे २००० मध्ये ५४४ होते ते २००५ मध्ये ३७२ वर आले. शिंगाच्या चोरट्या व्यापाराने पाच वर्षांत तिसरा हिस्सा गिळला. शांतता प्रस्थापित झाल्यावर ठाणी पुन्हा भरली, गुप्त वार्ता मिळवण्याची व्यवस्था सुधारली आणि २०११ हे संपूर्ण वर्ष एकही गेंडा चोरट्या शिकारीत न गमावता गेले. २०२१ च्या मोजणीत देशभरात ७५२ गेंडे आढळले, त्यांपैकी ६९४ चितवनात.

गेंडा वाचला म्हणजे केवळ गेंडाच वाचला असे होत नाही. चितवनच्या नदीकाठच्या रानात भेल्लर नावाचे झाड आहे. त्याची टणक, कोणाच्या लक्षातही न येणारी फळे पावसाळ्यात खाली पडतात, आणि गेंडा ती आवडीने खातो. गेंड्याची सवय अशी की तो ठरलेल्या जागी विष्ठा टाकतो, आणि एकाच जागेचा उपयोग अनेक गेंडे करतात. ह्या जागा बहुधा उघड्या गवताळ भागात असतात. भेल्लराच्या बीला आईच्या सावलीत वाढता येत नाही. तिला ऊन हवे असते, ते येथे मिळते, आणि खतही आयतेच. अशा ढिगांवर भेल्लराची रोपे दाटीने उगवतात आणि कालांतराने गवताच्या जागी रान उभे राहते. दीड-दोन टन वजनाचे हे जनावर अशा रीतीने रानाचे माळीकाम करीत असते.

शिपायाच्या पहाऱ्याची किंमत मात्र थारूंना मोजावी लागली. ज्या रानात त्यांचे वाडवडील मासे धरीत, गुरे चारीत, छपरासाठी गवत कापीत, त्याच रानात पाऊल टाकणे आता गुन्हा ठरले. हत्तीसारेतील माहूत, फणित आणि पछुवा हे हुद्दे पुष्कळदा त्यांच्याच लोकांकडे होते. तेव्हा रान ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक त्यांचे निम्मे भाऊबंद रानाच्या नोकरीत आणि निम्मे रानाचे गुन्हेगार, अशी विचित्र अवस्था झाली. हिवाळ्यात काही दिवस खर, म्हणजे छपराचे गवत, कापू देण्याची सवलत पुढे देण्यात आली. त्या दिवसांत हजारो माणसे भारे बांधण्यासाठी उद्यानात लोटत. १९९३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन उद्यानाभोवतीच्या गावांचा बफर क्षेत्र म्हणून स्वतंत्र विभाग करण्यात आला आणि उद्यानाच्या महसुलापैकी तीस ते पन्नास टक्के रक्कम त्या गावांच्या विकासासाठी देण्याचे ठरले. गावकरी येथून चौथा पहारेकरी झाला, किंबहुना त्याला तसे होण्याचे कारण मिळाले.

डोंगरात ही कल्पना आणखी पुढे गेली. १९८६ मध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात संरक्षण सुरू झाले ते एकही गाव न उठवता. गिर्यारोहकांकडून आणि पदयात्रींकडून घेतलेली फी त्याच परिसरात खर्च होऊ लागली. पूर्वेकडे कांचनजंगा परिसरातील घुन्सा खोऱ्यात, हिमबिबट्याने याक मारला तर धन्याला भरपाई मिळावी म्हणून मेंढपाळ आणि याकवाल्यांनी स्वतःच चालवलेली विमायोजना २००५ मध्ये सुरू झाली. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरला तर एकाच वेळी अनेक मेंढ्या मारतो. ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत जाते त्याने विष घातले तर नवल नाही, आणि ते विष त्याच्या हातून काढून घेण्याचा मार्ग उपदेशापेक्षा भरपाईच्या हिशेबातून अधिक लवकर सापडतो. २००६ च्या सप्टेंबरात ह्या साऱ्या परिसराचा कारभार स्थानिक लोकांच्या मंडळाकडे सोपवण्याचा समारंभ घुन्सात झाला. तो आटोपून परतताना, २३ सप्टेंबर रोजी, हेलिकॉप्टर कोसळून २४ जण मृत्युमुखी पडले. चंद्र गुरुंग, मिंग्मा नोर्बू शेर्पा, हर्क गुरुंग, तीर्थमान मास्के, अशी नेपाळच्या वन्यजीवरक्षणाची एक अखंड पिढीच त्यांत होती. पहारा गावकऱ्यांच्या स्वाधीन करून ती मंडळी गेली, आणि तो त्यांच्यामागे चालू राहिला.

सर्वच प्राण्यांची राखण एका जातीच्या पहाऱ्याने होत नाही, हे गिधाडांनी शिकवले. उपखंडातील गिधाडे नव्वदीच्या दशकात एकाएकी मरू लागली. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर भारतात हजारांत एखादेच उरले. बंदूक नव्हती, फास नव्हता, रानही तुटलेले नव्हते. शेवटी कारण सापडले ते गुरांच्या औषधात: दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. शंभर शवांत एखादेच दूषित असले तरी संपूर्ण जात खचण्यास ते पुरेसे होते. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान ह्यांनी गुरांसाठी ह्या औषधावर बंदी घातली. त्याच वर्षी चितवनजवळ नवलपरासी जिल्ह्यातील पिठौली येथे गावकऱ्यांनी गिधाडांचे उपाहारगृह काढले. नेपाळात गोवधाला बंदी असल्यामुळे भाकड, म्हातारी गुरे शेतकऱ्याला ओझे होतात. ती येथे आणून मरेपर्यंत पोसली जातात, आजारी पडली तर गिधाडांना निर्धोक असे मेलोक्सिकॅम दिले जाते, आणि नैसर्गिक मृत्यू आल्यावर कातडे काढून शव उघड्यावर ठेवले जाते. थोड्या अंतरावरच्या आडोशातून पाहणाऱ्यास प्रथम एक-दोन गिधाडे उतरताना दिसतात, मग पंखांच्या फडफडाटासह पाठोपाठ थवा, आणि थोड्याच वेळात तेथे हाडेच तेवढी शिल्लक उरतात. जटायूचे नाव मिळालेल्या ह्या केंद्राच्या धर्तीवर नेपाळात अन्यत्रही केंद्रे निघाली, आणि गेल्या दशकात तेथील गिधाडांची घसरण थांबली. येथे पहारेकरी म्हणजे औषधविक्याची मांडणी आणि गोठ्यातला राखोळ्या.

ह्यापेक्षाही कठीण प्रश्न आहे तो कोणत्याच एका देशाचे रहिवासी नसलेल्या पाखरांचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात कांड्या करकोच्यांचे थवे मध्य आशियातून निघून कालीगंडकीच्या दरीतून भारताकडे येतात. वाऱ्याचा जोर वाढण्यापूर्वी दरी पार करण्याची त्यांची धडपड असते, आणि वाटेत सुवर्णगरुड टपून बसलेले असतात. पट्टकादंब हंस तर हिमालयाच्याही माथ्यावरून उडतात. विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवण्याची विशेष शक्ती त्यांच्या रक्ताला लाभली आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात दिसणारे हंस ह्याच जातीचे. त्यांच्यासारख्यांचा मुक्काम व्हावा अशी जागा नेपाळात थोडी. पूर्वेकडील कोशी टप्पू ही त्यांतली प्रमुख. कोशीवरचे धरण झाल्यावर तेथे पाणी पसरून ही पाणथळ वाढली, १९७६ मध्ये ती आरक्षित झाली आणि तेथेच नेपाळातील रानम्हशींचा, अर्ण्यांचा, मुख्य कळप उरला आहे. परंतु ह्याच नदीने २००८ च्या ऑगस्टमध्ये कुसहाजवळ बांध फोडून नेपाळात आणि बिहारात लाखो लोकांना बेघर केले. पाखरांना हवे असते ते नदीचे मोकळे पात्र, आणि माणसाला हवा असतो तो बांध. ह्या वादाचा निकाल कोणत्याही शिपायाच्या हाती नाही.

आता सर्वांत ताजा हिशेब. नेपाळात २००९ मध्ये १२१ वाघ होते, २०२२ मध्ये ते ३५५ झाले. जगात वाघांची संख्या दुप्पट करण्याचा संकल्प तेरा देशांनी केला होता, आणि तो इतक्या ठळकपणे पार पाडणारे देश बोटांवर मोजण्याइतकेच. ह्या यशाचा गौरव परिषदांतून झाला. परंतु बर्दिया आणि चितवन ह्या उद्यानांच्या सीमेवर, सरपणाला किंवा गवताला गेलेली माणसे वाघाच्या तडाख्यात सापडू लागली ती ह्याच वर्षांत. मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला सरकार दहा लाख नेपाळी रुपये देते, आणि ते देणे योग्यच आहे. परंतु ते हाती पडेपर्यंत कागदपत्रांचे जे हेलपाटे घालावे लागतात ते गरीब कुटुंबाला परवडत नाहीत, आणि घरातला कमावता हात गेला की नांगर कोण धरणार ह्या प्रश्नाला सरकारी दप्तरात रकाना नसतो.

औलाने आपले वेतन माणसांच्या प्राणांतून घेतले, राणांनी शिकारीतून, लष्कर ते सरकारी खजिन्यातून घेते. चौथ्या पहारेकऱ्याची स्थिती उलटी आहे. राखण तोच करतो आणि तिचा खर्चही पुष्कळसा त्याच्याच घरातून होतो: कधी भाताच्या खाचरात गेंडा शिरतो, कधी गोठ्यातली शेळी जाते, कधी माणूस परत येत नाही. असा पहारा प्रेमाखातर काही काळ चालेल, परंपरेच्या जोरावर आणखी थोडा चालेल; पिढ्यान्पिढ्या चालायचा असेल तर महसुलातला तो तीस ते पन्नास टक्क्यांचा वाटा सीमेवरच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि नुकसानीची रक्कम पुढल्या पेरणीच्या आत मिळाली पाहिजे. नेपाळच्या वाघगेंड्यांचे पुढचे भवितव्य ह्या दोन साध्या, रुक्ष, जमाखर्चाच्या बाबींवर अवलंबून आहे.